एक हात मोकळा

पायाच्या ऑपरेशननंतर लेक पहिल्यांदाच कुबड्यांशिवाय चालणार होती. बाप लग्नांचे फोटो काढणारा. त्यानं खोलीच्या टोकाला ट्रायपॉड मांडला, दिवे लावले, हातभर लेन्स चढवली. लेक भिंत सोडेना. “बाबा, तू दिसतच नाहीस.” बायको करवादली, “अहो, तिथं नवरी उभी नाही! पोरीला बाप हवाय.” तिनं पर्समधला छोटा डिजिटल कॅमेरा, ज्याला तो ‘खेळणं’ म्हणून हिणवायचा, तो त्याच्या हातात कोंबला. मोठ्या कॅमेऱ्याला दोन्ही हात लागत. हा एकात मावला. गुडघ्यांवर बसून त्यानं दुसरा हात पुढे केला. “ये गं माझी साळुंकी, हा बघ मी.” एक पाऊल पडलं, दुसरं लटपटलं, पुढची भराभर आली. “आला का फोटो?” आईनं डोळे पुसत विचारलं. “तिरका, हललेला! गिऱ्हाइकानं मारलं असतं,” तो हसला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याची बोटं, आणि त्यांना बिलगलेली तिची मूठ.