निळ्या दाराचं कुलूप

बाईजाने सरपंचाच्या संडासाच्या निळ्या दाराला आपलं कुलूप घातलं आणि किल्ली पदराच्या गाठीत बांधली.

"काकी, हे काय करताय?" सरपंच हरेश तोंडातला ब्रश न काढताच अंगणात धावला.

ओट्यावर बाईजाचा नवरा कमळू कमरेला हात लावून बसला होता. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलेला. बसलं की माकडहाड ठणके, उठलं की मांड्या. आज मुंबईच्या हॉस्पिटलात त्याला किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, औषध लघवी-संडासातून बाहेर पडतं, म्हणून सात दिवस पाण्याचा संडास त्याने एकट्याने वापरायचा, दरवेळी दोनदा पाणी ओतायचं. तेवढी सोय नसेल तर इंजेक्शन मिळणार नाही.

सोय म्हणे! डोळखांबच्या डोंगरातल्या या पाड्याच्या वेशीवर हागणदारीमुक्तीची ऐटदार पाटी होती, आणि सरपंचाचं घर सोडलं तर अख्खा पाडा टमरेल घेऊन त्या पाटीमागच्या झाडीत जात होता.

"तुमचं नाव पुढच्या यादीत घालतो ना," हरेश म्हणाला.

"पुढच्या कशाला? मागच्याच यादीत हाय." बाईजाने घडीचा कागद त्याच्या नाकासमोर धरला.

पंचायतीच्या क्लार्कने काल संगणकातून काढून दिलेला. लाभार्थी कमळू, संडास पूर्ण. फोटोत कमळू धुतलेली टोपी घालून हसत होता, याच निळ्या दारापुढे. त्या दिवशी पाड्यातल्या बाकीच्या अठराही घरांचे कर्ते इथे ओळीने उभे राहिले होते. फोटो काढला की संडास मिळतो, असं वाटलं होतं बिचाऱ्यांना. ते हसू बघून बाईजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सरकारच्या कागदात ह्यो संडास आमचा हाय. आजपासून सात दिस ह्यांच्याशिवाय कोनी आत जायचं नाय. पानी मी भरीन."

"जाऊ दे गो," कमळू पुटपुटला.

"तुमी गप बसा. फोटोला उभं रायला लाजला नाय, आता कशाला लाजता?"

हरेशचा आवाज खाली आला. "काकी, घरात आठ मानसं हायेत. सात दिस आमी कुठं जायचं?"

बाईजाने घरून आणलेलं आपलं टमरेल त्याच्या हातात दिलं.

"पाटीच्या मागं. उजाडायच्या आत उठा, वाट मी दाखवते."