डोळ्यांची आखणी

"हे डोळे काय पटले नाहीत," पुष्कर म्हणाला. घरच्या गणपतीची मूर्ती बघायला तो नागोठण्याहून आला होता. "जरा मोठे हवेत. हसरे."

मृणालीच्या पेणच्या कारखान्यात सासऱ्यांच्या वेळेपासूनचा एक नेम होता. डोळे आखले की मूर्ती पुरी झाली, मग त्यांना कोणी हात लावायचा नाही. गेल्या साली एका व्यापाऱ्याने नखाने डोळा खरवडला, तेव्हा डोळे आखणाऱ्या हर्षदने बसायचं स्टूल उचलून त्याच्या डोक्यात घातलं. माणूस वाचला, पण त्याची एक बाजू गेली ती गेलीच.

आज हर्षद त्याच स्टुलावर बसला होता. त्याने पॉलिश पेपर घेतला आणि आपणच आखलेला डोळा घासायला लागला.

कोर्टाने त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या होत्या. एक तर सात वर्षं तुरुंग, नाहीतर डोक्यातला राग कायमचा काढून टाकणारा नवा उपचार, तो घेतला की लगेच घरी. "ताई, काय करू?" त्याने विचारलं होतं. "सही करून टाक," मृणाली म्हणाली होती. त्याच्या भल्याचंच सांगतेय, असं तिने स्वतःलाही पटवलं होतं. खरं काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. गणपती तोंडावर आले होते, बिनडोळ्यांच्या मूर्ती रांगेने उभ्या होत्या आणि आखणीला दुसरा हात नव्हता.

राग गेला. त्याच्याबरोबर आणखी काय काय जाईल, ते कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. आता हर्षदपुढे चहा ठेवला की तो पितो. लगेच दुसरा ठेवला तर तोही पितो.

पुष्करने नवे डोळे निरखले. "छे, आधीचेच बरे होते बहुतेक."

हर्षदने पुन्हा पॉलिश पेपर उचलला. शाडूची पापणी झिजून सपाट व्हायला आली होती.

"गुणी माणूस आहे हो तुमचा," पुष्कर म्हणाला. "एवढं ऐकणारा कारागीर हल्ली मिळतो कुठे?"

मृणालीला भडभडून आलं. "तुम्ही जरा बाहेर बसा," तिने त्याला सांगितलं. तो गेला तशी ती हर्षदसमोर जमिनीवर बसली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"हर्षद, हा डोळा तू आखलायस. घासू नको. त्याला नाय म्हण. मला शिव्या घाल हव्या तर, पण एकदा नाय म्हण."

त्याने पॉलिश पेपर खाली ठेवला.

"नाय," तो म्हणाला.

मृणालीला हायसं वाटलं. तिने त्याचं मनगट सोडलं.

"बरोबर बोललो ना, ताई?" हर्षदने विचारलं. "आता घासू?"