जाहिरात लागली

"आता जाहिरातींची कटकट नाही, आई. सलग बघ," म्हणत मुलानं नव्या टीव्हीवर मालिकेचं अ‍ॅप सुरू करून दिलं, आणि प्रमिलाची संध्याकाळ पार विस्कटली.

एरवी पहिल्या जाहिरातीत तिची कणीक भिजायची, दुसरीत फोडणी पडायची. मेथीची जुडी घेऊन रोज सात वाजता मालिका बघायला येणाऱ्या शेजारच्या रत्नाक्काही जाहिरातीतच बोलायच्या. सुनेच्या कागाळ्या, गुडघ्याचं दुखणं, सगळं तेवढ्या दोन-तीन मिनिटांत. मालिका सुरू झाली की तोंडाला कुलूप. बारा वर्षांचा शिरस्ता.

आज तिसरा दिवस. भाग आपला न थांबता चाललेला. रत्नाक्का तोंड उघडायच्या, पडद्याकडे बघायच्या आणि पुन्हा मिटायच्या. मेथीची पानं कचऱ्यात टाकून देठं ताटात ठेवत होत्या. प्रमिला मालिका सोडून त्यांच्याकडेच बघू लागली. काय सांगायचंय या बाईला? सरळ विचारावं, तर 'काही नाही गं' म्हणून उठून जातील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिनं रिमोट उचलून बटण दाबलं. नायिका अर्धवट तोंड उघडून जागच्या जागी थिजली.

"जाहिरात लागली, अक्का," प्रमिला म्हणाली. "बोला."

रत्नाक्कांनी थिजलेल्या चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आमची शालन नवऱ्याचं घर सोडून माहेरी आलीय गं. कायमची."

त्या संध्याकाळी जाहिरात तासभर चालली.