फाईल कुणाच्या नावावर

बाळंतपणाच्या रजेत हैदराबादच्या प्रयोगशाळेनं माझं संगणकावरचं खातं बंद केलं. “चालू होईपर्यंत माझ्या खात्यातून काम कर, अक्का,” मी रुजू झाले तेव्हा सहकारी फणींद्र म्हणाला. नवजात बाळांना नवं औषध किती झेपेल, तो आकडा आज माझ्या हिशेबातून निघाला. अजून तो पडद्यावरच्या टर्मिनलच्या काळ्या खिडकीत, व्हेरिएबलमध्ये, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या आठवणीतच होता. खिडकी मिटली की संपला. फाईलमध्ये उतरवायला एक ओळ पुरे, पण खातं ज्याचं, फाईल त्याच्याच नावावर. साहेब तेच नाव वाचणार. छाती दुधानं ठणकत होती. खिडकी मिटून घरी जावंसं वाटलं. पण दवाखान्यातली बाळं त्या आकड्यासाठी थांबली होती. आकडा उतरवला, फाईलला लेकीचं नाव दिलं: वेन्नेला. मागून फणींद्र वाकला. “बारसं घरी कर की, अक्का. मला साहेबांना दाखवायचंय.” माझ्यादेखत त्यानं फाईलचं नाव बदललं. त्याच्या लेखी फाईल त्याचीच; संगणकानं चकार शब्द काढला नाही.