दोन चालींची हजेरी

वरून दोन घंटा झाल्या. म्हणजे वर सगळं तयार, पहिली ट्रॉली सोडा.

रोपवेच्या खालच्या केबिनमधल्या ऑपरेटरनं हिरव्या बटणाला हात लावला नाही. त्यानं आधी फोन उचलला आणि स्टुलावरचा बुद्धिबळाचा पट जवळ ओढला. काळा वजीर केव्हाच हरवला होता. त्याच्या जागी ग्रीसनं माखलेला एक मोठा नट होता.

बाहेर धुकं इतकं की तार दहा हातांवर संपल्यासारखी वाटत होती. ट्रॉलीत नर्सबाई लशींचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डोंगरावरच्या दवाखान्यात नऊच्या आत पोचायचं होतं, आणि हे त्यांनी तीनदा ऐकवून झालं होतं.

वर ब्रेकवर जागा माणूस नसेल तर ट्रॉली थांबत नाही, सरळ भिंतीवर जाऊन आदळते. वरच्या ब्रेकवर असायचा ऑपरेटरचा मेहुणा. रोज सकाळी नऊशे पायऱ्या चढून जायचा आणि वर पोचला की पेंगायचा. घंटेचा काय भरवसा? एकदा तिच्या दोरीला वानर लोंबकळलं होतं. आणि फोनवर ‘हं हं’ तर माणूस झोपेतही म्हणतो. म्हणून दोघांनी ही हजेरी काढली होती. मेहुण्यानं बुद्धिबळातली सगळ्यात मूर्ख सुरुवात करायची, दोन चालींत मात खायची आणि वर ‘मी गाढव’ असं कबूल करायचं. मगच बटण. नियमांच्या पुस्तकात हे कुठंच नव्हतं, पण सहा वर्षांत एकही ट्रॉली धडकली नव्हती.

“बोल रे,” ऑपरेटर म्हणाला.

“दाजी, उंटापुढचं प्यादं एक घर.”

आवाज मेहुण्याचाच. जरा बसलेला, सर्दी झाल्यासारखा.

“माझं राजापुढचं दोन घरं.” ऑपरेटरनं दोन्ही प्यादी सरकवली आणि घोड्यापुढच्या पांढऱ्या प्याद्यावर आधीच बोट ठेवलं. पुढची चाल ठरलेलीच होती.

बोट प्याद्यावरच राहिलं.

“झोपलास काय?”

“नाही. विचार करतोय.”

ऑपरेटरला हसू आलं. सहा वर्षांत मेहुण्यानं या पटावर विचार म्हणून केला नव्हता.

“त्यात विचार कसला? घोड्यापुढचं दोन घरं. सरकव आणि मर.”

“ते सरकवलं तर तुमचा वजीर येईल. माझा राजा मरेल.”

“मरू दे की! रोज मरतो.”

“मी का हरू, दाजी?”

त्यात राग नव्हता, थट्टाही नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“माझंही राजापुढचं दोन घरं,” आवाज म्हणाला. “झालं. आता ट्रॉली सोडा.”

“आधी गाढव म्हण.”

“कुणाला?”

“अहो, घंटा होऊन किती वेळ झाला!” ट्रॉलीतून नर्सबाई ओरडल्या. “सोडताय की उतरू मी?”

ऑपरेटरचं बोट बटणापाशी गेलं. घंटा झाली होती, आवाज ओळखीचा होता. घरी भांडून आला असेल, म्हणून अडून बसला असेल. उद्या साहेबांनी विचारलं, पहिली ट्रॉली का थांबवली, तर काय सांगणार? मेहुणा हरला नाही म्हणून?

“दाजी, थांबा!”

दारात मेहुणा उभा होता. मफलर अर्धा गळ्यात, अर्धा खांद्यावर. एका बुटाची नाडी सुटलेली, धाप लागलेली.

“डोळाच उघडला नाही हो आज. म्हटलं, पायऱ्या चढण्याआधी तुम्हाला सांगून जावं. सोडली नाहीत ना?”

ऑपरेटरनं त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे पाहिलं. दोन्हीकडे आवाज एकच. फोन त्यानं हळूच पटाशेजारी ठेवला. मग प्यादी परत जागेवर लावली.

“आधी खेळ.”

“आत्ता? अहो, वर कोणी नाहीये, आणि तुम्हाला...”

“खेळ म्हणतो ना!”

दाजींचा चेहरा पाहून मेहुणा गुपचूप वाकला. उंटापुढचं प्यादं एक घर. ऑपरेटरनं राजापुढचं दोन घरं सरकवलं. मग घोड्यापुढचं दोन घरं, क्षणभरही न थांबता. ऑपरेटरनं ग्रीसनं माखलेला नट उचलला आणि तिरका पार कडेला नेऊन टेकवला.

“मात. आता म्हण.”

“मी गाढव,” मेहुणा नेहमीसारखा ओशाळं हसत म्हणाला. “जन्माचा गाढव. झालं समाधान?”

ऑपरेटरचे डोळे भरून आले. इतका गोड शब्द त्यानं उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. त्यानं मेहुण्याचा दंड घट्ट धरला, सोडेचना.

“नर्सबाई, उतरा खाली!” तो खिडकीतून ओरडला. “आज ट्रॉली नाही. उतरा म्हणतो ना, आधी उतरा!”

नर्सबाई बडबडत उतरल्या. डब्यासकट त्यांचे दोन्ही पाय फरशीवर टेकलेले पाहिले, तेव्हा कुठं ऑपरेटरनं मेहुण्याचा दंड सोडला आणि फोन जागेवर ठेवायला उचलला.

तो इतका वेळ चालूच होता. आतून कोणीतरी हळू आवाजात, पाठांतर करावं तसं, पुटपुटत होतं.

“उंटापुढचं एक घर. घोड्यापुढचं दोन घरं.” थोडं थांबून पुन्हा, “घोड्यापुढचं दोन घरं.”

मग तेच ओशाळं हसू.

“मी गाढव, दाजी. जन्माचा गाढव.”