करकर

महापालिकेच्या सभागृहात इटलीच्या व्यापारी दौऱ्याची आखणी चालली होती. गुळाला एक जागा, चांदीच्या दागिन्यांना एक आणि कोल्हापुरी चपलांनाही एकच. ती आबांची, असं वर्षभर सगळेच म्हणत होते. पण आबा दिवाळीआधी गेले, आणि आज आयुक्तांनी चपलांच्याच धंद्यातल्या सातपुतेकाकांचं नाव वाचलं. आबांचं दुकान आता त्यांची मुलगी चालवत होती. तिनंही टाळ्या वाजवल्या. पण मनात एकच होतं: कारागिरीत जन्मभर आबांच्या मागं राहिलेला माणूस त्यांच्या जागेवर जाणार!

काका हार घ्यायला उठले. चालताना त्यांच्या चपला करकरल्या, आणि तिचे हात टाळीतच थांबले. ती आबांची करकर होती. तळाच्या दोन थरांमध्ये आवाजासाठी झाडाची वाळकी बी सगळेच ठेवत, पण असा आवाज आबांशिवाय कुणाला साधला नव्हता.

चहाच्या वेळी काका तिच्यापाशी आले.

"वळखलंस न्हवं? तुझ्या आबाचाच जोड. पुण्याच्या पाहुण्याकडनं दोन मागवलं हुतं, गुपचूप. एक उसवून बघितला. बी घावली, आवाज काय घावला न्हाई." ते पायांकडे बघत राहिले. "लई जळलो बघ त्याच्यावर. तुला शिकवलंय व्हय गं त्यानं?"

आबांनी शिकवलं होतं. आजारपणात, तिचा हात हातात धरून.

"नाही काका," ती म्हणाली. "ते आबा सोबतच घेऊन गेले."

मग तिनं निवलेला चहा शांतपणे संपवला. इटलीला काका जाणार होते. आबा तिच्या एकटीकडेच राहणार होते.