ओवी उचलणारा

दादासाहेबानं वाचा गेलेल्या माणसांच्या अभ्यासात उभी हयात घातली होती. मेंदूला झटका बसला की बोलणं जातं, पण गाणं मागं उरतं. दुसऱ्यानं ओळ सुरू केली तर मुका झालेला माणूसही ती पुरी करतो, हे त्याचंच संशोधन. त्यावर दिल्लीपासून लंडनपर्यंत टाळ्या घेऊन झाल्या. अठ्ठ्याण्णव साली झटक्यानं खुद्द बापाची, जोतीरामआबाची, वाचा आणि एक हात गेला तेव्हा तो टेपरेकॉर्डर घेऊन गावी, कन्हेरीला आला. कॅसेटवर भजन लावलं, आरती लावली. आबा ढिम्म. "त्यात ह्यांचं गाणं कुठलं असायला?" सिंधुबाई, त्याची आई, म्हणाली. "धनगरी ओवी ती. एकानं उचलायची, दुसऱ्यानं झेलायची. उचलणारं भिमातात्या गेलं. बायांना कुणी त्यात बसू दिलं न्हाय, न्हायतर मीच उचलली असती. आता तू उचल." तिनं झांज काढून आबाला दिली. आबानं ती धड हातानं बाजेवर वाजवत ठेका धरला, तोंड उघडलं आणि लेकाकडं बघत राहिला. शाळेतली पोरं मेंढक्या म्हणून चिडवायची, म्हणून दादासाहेब कधी ओवीला बसलाच नव्हता. लोकांची गाणी तपासून मोठा झाला आणि बापाची एक ओळ त्याला येत नव्हती. "उचल की रं," आई म्हणाली, "वाट बघत्यात ते." ठेका मंदावला, थांबला. आबानं झांज चादरीवर ठेवली आणि उघडं राहिलेलं तोंड स्वतःच्याच हातानं मिटून घेतलं.